मुळीक सरांनी घातलेले वाटे

मुळीक सरांना संशोधन करायची काही गरज नव्हती, असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा पाटणला जाऊन त्यांच्या मेहुण्याला भेटावं. नाथाजीराव त्याचं नाव. तो एम.एड. आहे. ही गोष्ट तो जेवताना सांगतो, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत सांगतो, कुणाच्या मयताला आला तर तिथंही चार माणसांत सांगून घेतो. "आमचं काय दाजी, आम्ही एका दमात झालो," असं म्हणून तो सरांकडं असा काही बघायचा, की हातातला घास खाली ठेवावा असं सरांना वाटायचं. आणि बायको समोर वाढायला उभी. भाऊ तिचाच. बोलायची सोय नाही.

पेपर मुळीक सरांचेही कधीच सुटले होते. राहिला होता तो प्रबंध. तो असा राहिला होता, की यंदा झाला तर झाला, नाहीतर विद्यापीठाच्या नियमानं सगळे पेपर पहिल्यापासून. त्यातच नांदलेवाडी हायस्कूलचे हेडमास्तर थोरवत मे महिन्यात रिटायर व्हायचे होते, आणि संस्थेनं स्वच्छ सांगितलं होतं की जो एम.एड. असेल तो त्या खुर्चीत बसेल. मुळीक झाले तर मुळीक. नाहीतर शास्त्राचे जंगम सर, ते आपला प्रबंध कधीच देऊन बसलेले. मुळीक सर नोकरीला लागले तेव्हा हे जंगम सर याच शाळेत आठवीत होते, आणि खो-खो खेळताना चड्डी फाटली म्हणून रडत घरी गेले होते. त्यांना घरी पोचवायला मुळीक सरच गेले होते. आता त्याच माणसापुढं उभं राहून "सर, अर्धा दिवस किरकोळ रजा मिळंल का?" म्हणायचं? त्यापेक्षा मेढ्याला जाऊन डोंगरात नाचणी पेरलेली बरी, असं सर म्हणायचे. मूळचे ते मेढ्याचे.

त्यांच्या मार्गदर्शक म्हणजे सांगलीच्या आगाशे बाई. डॉक्टर आगाशे. पांढरी साडी, जाड चष्मा आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. सरांचा पहिला विषय होता 'ग्रामीण भागातील इंग्रजीची अधोगती'. बाई म्हणाल्या, "अधोगती मोजणार कशानं?" दुसरा विषय तर त्यांनी वाचलाही नाही, नुसता वासावरून परत केला. तिसऱ्या खेपेला त्यांनीच विषय काढून दिला. भाषा शिकवायची नवी पद्धत निघाली होती. वर्गात मराठीचा एक शब्द उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, कृती करायची, आणि वाक्य म्हणायचं. पोरं बघून, ऐकून, करून आपोआप शिकतात, असं मोठमोठ्या देशांत सिद्ध झालं होतं. नांदलेवाडीत तेवढं व्हायचं राहिलं होतं.

"आठवीच्या वर्गाचे दोन गट करा," बाई म्हणाल्या. "एका गटाला नवी पद्धत. दुसऱ्याला आपली जुनी, शब्दार्थ आणि भाषांतर. बाकी सगळं सारखं. वर्षाअखेरीला मी स्वतः येऊन तोंडी चाचणी घेईन. नवा गट स्पष्ट पुढं दिसला तर प्रबंध झाला. आणि मुळीक, एक ध्यानात ठेवा. संशोधकानं तटस्थ राहायचं असतं. पंचानं आखाड्यात हात घालायचा नसतो."

"छे छे, बाई," सर म्हणाले. तटस्थ राहणं ही त्यांना जगातली सगळ्यात सोपी गोष्ट वाटली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, घरात ते दुसरं काय करत होते?

आधी परवानगी. शिक्षण खात्याच्या कचेरीत एक कारकून होता, त्यानं अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"प्रयोग कुणावर?"

"मुलांवर."

"आमच्याकडं प्रयोगाची शेवटची फाईल आली ती संकरित शेळ्यांची. त्याच नमुन्यात करून आणा."

सरांनी त्याच नमुन्यात करून दिलं. 'जात' या रकान्यात 'इयत्ता आठवी' लिहिलं, 'चारापाणी' या रकान्यापुढं आडवी रेघ ओढली. त्या आडव्या रेघेवरनं अर्ज महिनाभर अडकला. शेवटी सरांनी तिथं 'पालकांकडून' असं लिहिलं तेव्हा कुठं शिक्का बसला. पुढं हा शब्द किती खरा होणार होता हे त्या वेळी ना कारकुनाला ठाऊक, ना सरांना.

पुस्तकात लिहिलं होतं, गट चिठ्ठ्या टाकून करावेत. सरांनी स्टाफरूममध्ये चहाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि थोरवतांच्या हस्ते उचलल्या. थोरवतांनी एकेक चिठ्ठी अशी उचलली, जशी काही विंचवाची पोरं आहेत. "मुळीक, मला सुखानं रिटायर होऊ द्या हो," हे त्यांचं त्या वर्षातलं पालुपद. दुसऱ्या गटाला पुस्तकात 'कंट्रोल ग्रुप' म्हणतात, पण दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते, आणि कंट्रोल म्हटलं की गावाला अजून रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आठवायची. म्हणून सरांनी ते नाव गिळून टाकलं आणि नुसतं 'नवा गट' आणि 'जुना गट' म्हटलं. आपल्या व्यवहारचातुर्यावर ते स्वतःच खूश झाले.

नव्या पद्धतीत वस्तू खऱ्या लागतात. पहिल्या दिवशी सरांनी पेरू नेले. दुसऱ्या दिवशी केळी. मग भाजलेली कणसं, उकडलेली अंडी, भुईमुगाच्या शेंगा. "आय ॲम ईटिंग अ बनाना" हे वाक्य कृतीसकट म्हणायचं म्हटल्यावर केळं खाल्ल्याशिवाय इलाज नाही. नवा गट अत्यंत मन लावून शिकू लागला. मधे एक कुडाची भिंत, आणि पलीकडं जुना गट शब्दार्थ लिहीत बसलेला. कणसाचा वास कुडाच्या भिंतीला काय जुमानतो?

कणसांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर तोंडात दातवण घालून उभे, तोच दारात शालूबाई. घर शेजारचंच. नवरा पलटणीत, आणि पोरगी सुला आठवीत. जुन्या गटात.

"आवं मास्तर, माझ्या सुलीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"का? काय झालं?"

"त्या हरिबाच्या पोराला केळी, आन माझ्या पोरीला कोरडी पाटी?"

सरांनी दातवण काढलं आणि शास्त्र समजावून सांगायला सुरुवात केली. तुलना, चिठ्ठ्या, परिणाम. शालूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तुमाला ठाव हाय की ही रीत चांगली. आन तरीबी ती तुमी माझ्या पोरीला देणार न्हाई."

"चांगली आहे की नाही तेच तर बघायचंय!"

"मग चांगली नसंल तर हरिबाच्या पोराला का दिली? सरपंचाचं पोर हाय न्हवं ते?"

यावर पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. आतनं अंजनाबाईंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, चहा झाल्याचं सांगितलं म्हणून त्या दिवशी सुटका झाली.

पण गावात पेटलं ते पेटलंच. सर वाटेनं निघाले की सल्ला. न्हाव्याकडं बसले की सल्ला. एकजण म्हणाला, एक दिवस हे पोर इकडं आणि एक दिवस तिकडं करा. दुसरा म्हणाला, केळी अर्धी अर्धी करा. तिसरा म्हणाला, इंग्लिशच बंद करा, समद्यांनाच सारखं. एका म्हाताऱ्यानं तर दोन्ही गटांना एकेक बोकड देऊन टाका आणि मिटवून टाका असं सुचवलं. बोकड कशाला, हे त्यालाही सांगता आलं नाही. शेवटी चावडीत बैठक बसली. सरपंच हरिबा मधे, आणि आरोपी असल्यासारखे मुळीक सर खांबाला टेकून.

"चिठ्ठ्या कुणी टाकल्या?" कुणीतरी विचारलं.

"मी."

"कुठं?"

"स्टाफरूममध्ये."

"दार लावून?"

"दार लावून म्हणजे... वारा येत होता म्हणून."

"वारा येत व्हता म्हणं!" सगळी चावडी हसली. इतकी वर्षं मान खाली घालून नोकरी केलेल्या माणसाला केळ्यापायी लबाड ठरवतात म्हणजे काय? सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

हरिबानं हात वर केला. "मास्तर, गावात बकरं पडलं तर आमी वाटं कसं घालतो, बघितलंय न्हवं? तसं करू."

बघितलं होतं. लांबनं. चैत्रात जत्रेला गावकीची बकरी पडली की मटणाचे सारखे ढीग पळसाच्या पानांवर मांडायचे, एक ढीग एका चुलीचा. एकजण ढिगांकडं पाठ करून उभा राहतो. दुसरा ढिगाला काठी लावून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा तोंडाला येईल ते नाव घेतो. कुणाच्या नशिबात कुठला ढीग, कुणालाच ठाऊक नाही. भांडण नाही, तंटा नाही. बाहेरगावच्याला मात्र वाटा नसतो. मास्तर, तलाठी, पोस्टमन, हे बाहेरचे. इतक्या चैत्रांत सरांच्या दारात कधी पान आलं नव्हतं. फोडणीचा वास तेवढा यायचा, तो फुकट.

तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात पोरं रांगेत उभी केली. हरिबा पाठमोरा. थोरवतांच्या हातात काठी. "हा कुणाचा?" "नव्या गटाचा!" "ही कुणाची?" "जुन्या!" सगळं गाव कुंपणाला लटकलेलं. सरांना मनातनं बरं वाटत होतं. शास्त्राला हवं होतं तेच गावानं आपल्या पद्धतीनं केलं, ही गोष्ट प्रबंधात घालायची असंही त्यांनी ठरवलं. एवढं सगळं होऊन सुला पुन्हा जुन्या गटातच आली, आणि हरिबाचं पोर पुन्हा नव्या.

शालूबाई कुंपणावरनं आत आली. आता ती ओरडत नव्हती, आणि त्याचीच सरांना जास्त भीती वाटली.

"मास्तर, वाटं घालताना आदी ढीग सारखं करत्यात. मग नाव घेत्यात. तुमी आदी नाव घेतलंसा, आन मग एका ढिगात मटण आन एका ढिगात हाडकं. ह्याला वाटं म्हनत न्हाईत."

"अहो बाई, यालाच संशोधन म्हणतात!" सर कळवळून म्हणाले.

"मग तुमचं तुमी करा. आमचा ढीग आमी सारखा करून घिऊ."

ती बोलली आणि गेली. सरांना वाटलं, चला, मिटलं.

मिटलं कसलं! त्याच संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं जुन्या गटाचा वर्ग भरला, आणि शिकवायला कोण? आकाराम सुभेदार. पलटणीतनं निवृत्त झालेला, मिशीला पीळ भरलेला, साहेबाशी इंग्लिशमधनं बोललेला नांदलेवाडीतला एकमेव पुरुष. 'बोललेला' म्हणजे साहेब बोलायचा आणि सुभेदार "येस सर" म्हणायचा, पण तेवढं खोलात कोण जातं? शालूबाईनं त्याला नुसतं विचारलं, आणि तो अंगात यावं तसा उठला.

सर मुद्दाम त्या वाटेनं गेले. बघतात तर पोरं दोन रांगांत सावधान उभी. सुभेदारानं पाय आपटला, धाप्! आणि ओरडला, "आय ॲम स्टँडिंग!" पोरांनी पाय आपटला, धाप्! "आय ॲम स्टँडिंग, सर!" धाप्! "आय ॲम रनिंग!" आणि पोरं देवळाला प्रदक्षिणा घालून आली. मग शालूबाईनं टोपलीतनं शेंगा आणि गूळ वाटला, "आय ॲम ईटिंग, सर!" पुन्हा धाप्.

ही तर नवी पद्धत! कृती, वस्तू, वाक्य, सगळं तेच. फक्त वर धुरळा.

"सुभेदार, हे बंद करा," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "या गटाला असं शिकवायचं नाही."

"का?"

"त्यांनी न शिकलेलं राहायला पाहिजे."

सुभेदारानं मिशीवरनं हात फिरवला. "मास्तर, मी अख्खी पलटण तयार केली, पण जवानाला फालतू राहायचा हुकूम देणारा साहेब काय मला कवा भेटला न्हाई. आन तुमी डोस्क्यात शिकिवता तिथंच चुकतंय. इंग्लिश डोस्क्यात न्हाई राहत. टाचंत राहतं."

आता नव्या गटाचे पालक उठले. जुन्यांना दोन वेळा शिकवणी, आणि आमच्या पोरांना एक वेळ? हरिबा स्वतः घरी आला, तंबाखू मळत बसला, आणि सकाळी सूर्य उगवायच्या आत नव्या गटाचा जादा वर्ग सुरू झाला. सर कुत्र्यासारखे दमू लागले. दोन्ही गटांच्या आया ईर्षेला पेटल्या. इकडं अंडी, तर तिकडं दूध. इकडं लाडू, तर तिकडं तुपातला शिरा. कारकुनाच्या रकान्यातलं चारापाणी पालकांकडनं सुरू झालं होतं. नांदलेवाडीत पोरं म्हशी वळताना इंग्रजी बोलू लागली, विहिरीत उडी टाकायच्या आधी कोण काय करतंय ते ओरडून सांगू लागली. वरच्या आळीची आणि खालच्या आळीची जुनी भांडणं मागं पडली आणि नव्या-जुन्या गटाची सुरू झाली. एका घरातले दोन भाऊ चुली वेगळ्या करायच्या बेतात होते, कारण एकाचं पोर इकडं, दुसऱ्याचं तिकडं.

आणि रोज घरी अंजनाबाई. "आवं, गाव शिकतंय न्हवं? मग तुमी कपाळाला हात लावून का बसताय?"

"सगळेच शिकले तर मी बुडालो, अंजना! फरक पडला पाहिजे, फरक!"

"आगं बाई. गुरुजीनं पोरं शिकली म्हणून रडायचं?"

"तुझ्या भावाला हे विचार!"

"त्याला कशाला? त्याची तर पोरंच शिकत न्हाईत. बसलाय सुखात."

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. कुणीतरी वर अर्ज ठोकला. अन्याय, भेदभाव, केळी, असं सगळं त्यात होतं. कचेरीतनं हुकूम आला. थोरवतांनी तो वाचून दाखवला आणि वाचता वाचता खुर्चीत बसले: 'उभय गटांस सर्व बाबतींत समान वागणूक देण्यात यावी. तसेच प्रयोग चालू ठेवून दोहोंमधील फरकाचा अहवाल विनाविलंब सादर करावा.'

"सारखं वागवून फरक कसा काढायचा?" सर किंचाळले.

"मला सुखानं रिटायर होऊ द्या हो," थोरवत म्हणाले.

सरांनी हुकमाला समान वागणूक दिली. म्हणजे दोन्ही बाजूंनी वाचला आणि घडी घालून ठेवला.

चाचणीचा दिवस उजाडला. आगाशे बाई सांगलीहून कडेगावपर्यंत एस.टी.नं आणि तिथनं हरिबाच्या बैलगाडीतनं आल्या. वेशीत हलगी वाजत होती. दोन फेटे ताटात तयार. जिंकणाऱ्या गटाच्या दोन म्होरक्यांना बांधायचे. बाईंनी चष्म्यातनं सगळीकडं बघितलं.

"मुळीक, इथं जत्रा आहे का?"

"नाही बाई. संशोधन."

शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही गट समोरासमोर बसवले. खिडक्यांत गाव. मिशा पिळून आकाराम सुभेदार दारात. बाईंनी हलगी बंद करवली आणि एकेका पोराला उभं करून कृती दाखवून विचारायला सुरुवात केली. आवाज त्यांचा मऊ, कॉलेजातला. नव्या गटाची पोरं धडाधड उत्तरं देऊ लागली. मग जुन्या गटातलं पहिलं पोर उठलं, त्यानं पाय उचलला, धाप्! छपरावरनं माती पडली.

"पाय आपटू नका," बाई म्हणाल्या. "कुणीही पाय आपटायचा नाही. चाचणीत गोंगाट चालत नाही."

बस्स. तिथंच जुना गट बसला. पाय जागेवर, तर जीभही जागेवर. पोरं उभी राहायची, टाच उचलायची, बाईंकडं बघून हळूच खाली ठेवायची, आणि अर्धं वाक्य बोलून थांबायची. दारात सुभेदाराची मिशी खाली आली. सर भिंतीला टेकून उभे होते. फरक पडत होता! उघड, स्वच्छ, डोळ्यांनी दिसणारा फरक. बाईंनी मान वळवून हळूच म्हटलंसुद्धा, "मुळीक, फरक येतोय. ही शेवटची मुलगी झाली की झालं."

शेवटची मुलगी सुला.

ती उभी राहिली. हातात परकराचं टोक. सरांना खुर्ची दिसत होती, थोरवतांची, बसायची जागा झिजलेली. नाथाजीराव दिसत होता, तोंड पाडलेला. जंगम सर अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मागत होते, आणि सर म्हणत होते, "बघू."

बाईंनी आपली छत्री उघडली आणि मऊ आवाजात विचारलं, "व्हॉट ॲम आय डूइंग?"

सुलानं तोंड उघडलं. टाच उचलली. बाईंकडं बघितलं. टाच खाली ठेवली. तिला येत होतं. सरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, शेजारच्या घरातनं, भाकरी थापणाऱ्या आईला ती इंग्लिशमधनं ओरडून ओरडून सांगायची, तू पीठ मळतीयस, तू जाळ घालतीयस, तू मला मारतीयस. सगळं येत होतं. आता तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. खिडकीत शालूबाई गज धरून उभी, आणि ती सुलाकडं बघत नव्हती. मास्तरांकडं बघत होती.

बाईंनी पेन टेकवलं.

धाप्!

हॉल हादरला. सगळ्यांनी दाराकडं, सुभेदाराकडं बघितलं. सुभेदार भिंतीकडं बघत होता. भिंतीपाशी मुळीक सर सावधान उभे होते, छाती पुढं, मुठी आवळलेल्या, आणि त्यांच्या चपलेचा अंगठा तुटून पडला होता.

"यू आर ओपनिंग दी अंब्रेला, सर!" सुला खणखणीत ओरडली, आणि पाय आपटला. तिच्यामागनं सगळा जुना गट उठला, धाप्! ज्याचं त्याचं राहिलेलं वाक्य ज्यानं त्यानं ओरडून टाकलं. बाहेर हलगी सुरू झाली. "शाब्बास गं पोरी, शाब्बास!" असं कुणीतरी ओरडत होतं, आणि तो आवाज आपलाच आहे हे सरांना जरा उशिरा कळलं.

"बरोबरीत सुटली!" हरिबानं खिडकीतनं जाहीर केलं, आणि दोन्ही फेटे दोन्ही गटांना बांधले.

बाईंनी छत्री मिटली. "मुळीक, हे काय केलंत?"

"पोरगी अडकली व्हती वो, बाई." इतक्या वर्षांची शाळेतली भाषा कुठल्या कुठं गेली आणि मेढा बाहेर आला.

"मी तुम्हाला तटस्थ राहायला सांगितलं होतं."

"राहिलो की बाई. वर्षभर राहिलो. पाय न्हाई राहिला."

बाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "शिक्षक म्हणून तुम्हाला पैकीच्या पैकी. संशोधक म्हणून मला काही करता येणार नाही." आणि खरंच काही करता आलं नाही. विद्यापीठातनं प्रबंध परत आला तो एका ओळीच्या शेऱ्यासकट: 'चाचणीच्या वेळी संशोधकाने पाय आपटला.' जूनपासून जंगम सर हेडमास्तर, हे ठरलं. पाटणहून नाथाजीराव मुद्दाम वाट वाकडी करून आला, पोटभर जेवला, आणि हात धुताना म्हणाला, "दाजी, पाय आपटला म्हणं?" त्या दिवशी पहिल्यांदाच अंजनाबाई भावाला म्हणाल्या, "आपटला. तुझ्यात आपटायची धमक हाय का?" सरांना तेवढ्यानं फार बरं वाटलं असं नाही. खुर्ची ती खुर्चीच.

चैत्रात जत्रा भरली. बकरी पडली. पळसाची पानं मांडली. सर आपले लांब, पिंपळाखाली, नेहमीच्या जागी. हरिबा पाठमोरा. सुभेदाराच्या हातात काठी. "ह्यो कुणाचा?" "ज्योतिबाचा!" "ह्यो कुणाचा?" "बनुबाईचा!" "ह्यो कुणाचा?"

"मुळीक मास्तरचा!"

कुणीतरी म्हणालं, "मास्तरचा कसा? ते भायेरचं." आणि शालूबाई गर्दीतनं ओरडली, "भायेरचं आसतं तर पाय आपटला आसता का? द्या गुमान!"

सरांनी दोन्ही हातांत पान घेतलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. तसेच ते घरी आले, आणि देवापुढं ठेवावं तसं पान अंजनाबाईंपुढं ठेवलं.

अंजनाबाईंनी पान उघडलं. हलवून बघितलं. तळाशी बोटानं चाचपलं.

"आवं, ह्यात नळी न्हाई. काळीज न्हाई. नुसत्या बरगड्या हायत. सुभेदारीणबाई आत्ताच दाखवून गेली, तिच्यात दोन नळ्या हायत."

"असू दे गं. वाटा मिळाला हे काय थोडं झालं? मान आहे तो."

"व्हय. मान हाय. मटण न्हाई."

सर जरा वेळ खाटेवर बसले. मग उठून त्यांनीही पान हलवून बघितलं. पुन्हा बसले. पुन्हा उठले. शेवटी त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

"आता कुठं निघालात?"

"हरिबाकडं," सर दारातनंच ओरडले. "वाटे घालताना आधी ढीग सारखे करायचे असतात, एवढं साधं कळत न्हाई का लोकांना?"